विश्लेषण : होम थिएटरचा आवाज किती ठेवावा? रिसिव्हरवरील ‘उणे’ आकड्याचा अर्थ काय?

बऱ्याच रिसिव्हरवर आवाज ‘-३०’, ‘-२०’ असा उणे आकड्यांत दिसतो. ‘०’ म्हणजे शांतता असे वाटू शकते; प्रत्यक्षात तो खूप मोठा आवाज असतो.

उणे आकडा कशाचा?

ठरावीक संदर्भपातळीपेक्षा आवाज किती डेसिबल खाली आहे, हे तो सांगतो. मायक्रोफोन लावून खोलीनुसार जुळवणी केली, की ‘०’ म्हणजे चित्रपटगृहाची पातळी. त्यात एका मुख्य स्पीकरचा आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जातो. ‘-२०’वर ८५ पर्यंत. जुळवणी केलेली नसेल तर या आकड्यावर विसंबता येत नाही.

कानांना धोका कधी?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार सरासरी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला जेमतेम ४ तास. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. सिनेमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज जास्त होता असे समजावे.

शेजाऱ्यांचे काय?

भारतात निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरातील ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे कानांना चालणारा आवाजही रात्री नियमबाह्य ठरू शकतो.