विश्लेषण : गाण्यांचे ॲप बंद झाले तर संग्रहाचे काय? घरच्या म्युझिक सर्व्हरची निवड कशी करावी?

पनवेल–रोहा मार्गावरचे आपटा हे छोटे स्थानक बहुतेकांना माहीत आहे ते ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटच्या प्रसंगामुळे. १९९५ मध्ये या चित्रपटाची कॅसेट ज्यांनी विकत घेतली, ती त्यांची झाली. तीच गाणी पुढे ॲपवर ‘डाउनलोड’ करणाऱ्यांबाबत असे म्हणता येत नाही. एअरटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याआधी ३१ जानेवारी २०२४ रोजी रेसोने भारतातून गाशा गुंडाळला होता आणि गुगल प्ले म्युझिक तर २०२० मध्येच संपले. ॲप चालू असतानाही गाणी जाऊ शकतात. मार्च २०२३ मध्ये परवान्याची बोलणी फिसकटल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अचानक गायब झाली होती. त्यामुळे गाणी स्वतःच्या घरात ठेवून ती हवी तिथे ऐकण्याचा पर्याय पुन्हा चर्चेत आला आहे.

‘डाउनलोड’ केलेले गाणे आपले नसते का?

नसते. ॲपमधील डाउनलोड म्हणजे कुलूपबंद फाइल. वर्गणी चालू आणि कंपनीचा परवाना शाबूत असेपर्यंतच ती वाजते. स्वतःच्या सीडीवरून किंवा कॅसेटवरून तयार केलेल्या, अथवा विकत घेतलेल्या खुल्या फाइलला असे कुलूप नसते.

म्युझिक सर्व्हर म्हणजे नेमके काय?

सतत चालू असलेला एक छोटा संगणक, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि गाण्यांची सूची बनवणारे सॉफ्टवेअर. फोन, टीव्ही किंवा स्पीकर घरच्या वायफायवरून त्यातले गाणे मागवतो. एवढेच.

महागडे यंत्र हवे का?

बहुतेक घरांना नको. सीडीचा आवाज जसाच्या तसा जपणाऱ्या फ्लॅक फाइलमध्ये एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबी जागा घेते. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अडीच हजारांच्या आसपास सीडी मावतात. एवढा संग्रह फार थोड्यांकडे असतो. गाणे पाठवण्याचे काम इतके हलके आहे की जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो. ५ वॅटचा पाय महिनाभर चालू राहिला तर साडेतीन-चार युनिट वीज लागते, २० वॅटच्या यंत्राला सुमारे १४. दोन-चार डिस्कची ‘नॅस’ पेटी घ्यावी ती घरातले फोटो, कागदपत्रेही त्यातच ठेवायची असतील तर. तिथेही कंपनीच्या अटी बघाव्यात : सिनॉलॉजीने २०२५ च्या काही मॉडेलांत फक्त मान्यताप्राप्त डिस्कची सक्ती केली आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर ती त्याच वर्षी सैल केली.

सॉफ्टवेअर कोणते?

नॅव्हिड्रोम, जेलीफिन आणि लिरियन हे तिन्ही मोफत व मुक्त-स्रोत आहेत. लिरियनची कहाणी बोलकी आहे. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स ही प्लेअरची मालिका २०१२ मध्ये थांबवली, पण सर्व्हरचे सॉफ्टवेअर खुले असल्याने वापरकर्त्यांनी ते जगवले आणि २०२४ मध्ये त्याला हे नवे नाव मिळाले. उलट प्लेक्सने एप्रिल २०२५ मध्ये आजीवन वर्गणी सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलर केली.

पण खरा घाम निघतो तो नावे लावताना. फाइलसोबतची माहिती, म्हणजे टॅग, पाश्चात्त्य पॉप संगीत डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे : एक कलाकार, एक अल्बम. आपल्याकडे तसे नसते. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणाची ५६ गीते वेगवेगळ्या गायकांनी गायली. ‘अल्बमचा कलाकार’ हा रकाना रिकामा ठेवला तर काही सर्व्हर या एका संचाचे गायकागणिक तुकडे करतात. सुधीर फडके हे नाव काही फाइलींत देवनागरीत आणि काहींत रोमनमध्ये असेल, तर यादीत दोन फडके दिसतात. भावगीताला गायकाइतकाच संगीतकार आणि कवी महत्त्वाचा, ख्यालाला राग. नॅव्हिड्रोमच्या नव्या आवृत्त्या गीतकार व संगीतकार वेगळे दाखवतात, म्हणून मराठी संग्रहासाठी आमची पसंती त्याला. रागासाठी मात्र ‘शैली’चा रकाना वापरण्याची युक्ती करावी लागते.

आपट्यासारख्या गावात काय अडचणी येतात?

पहिली अडचण विजेची. अचानक वीज गेली की पायमधले मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून राउटर आणि पाय दोन्ही छोट्या यूपीएसवर हवेत आणि गाणी कार्डावर नव्हे, डिस्कवर. दुसरी इंटरनेटची. अनेक ब्रॉडबँड सेवा शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यामुळे मुंबईत कामाला गेलेल्या मुलाला घरचा सर्व्हर थेट सापडत नाही. टेलस्केलसारख्या खासगी जोडणीने हा प्रश्न सुटतो, आणि सर्व्हर जगासमोर उघडाही पडत नाही.

तिसरी अडचण पाण्याची. पावसाळ्यात पाताळगंगा वाढली की काठावरच्या गावांना सावध राहावे लागते. दोन डिस्कवर एकाच वेळी माहिती लिहिणारी ‘रेड’ व्यवस्था अनेकांना सुरक्षित वाटते, पण ती फक्त एक डिस्क खराब झाली तर वाचवते. पेटीत पाणी शिरले किंवा चुकून फोल्डर पुसले, तर दोन्ही प्रती एकदम जातात. म्हणून एक प्रत गावाबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे हवीच. दिवाळीला येता-जाता डिस्क बदलली तरी चालते.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार खासगी वापरासाठीचा रास्त वापर उल्लंघन ठरत नाही. घरातल्या सीडीची प्रत घरातच ऐकणे त्या चौकटीत बसवता येते, पण तोच सर्व्हर गावभर खुला करणे नाही.

सुरुवात कुठून करावी?

चित्रपटगीतांपासून नको. ती पुन्हा कुठे ना कुठे मिळतील. आजीने जात्यावरच्या म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाची रात्र, लग्नातली सनई अशा घरगुती कॅसेट कुठल्याही ॲपवर नाहीत आणि बहुधा त्यांची एकच प्रत आहे. फीत ओलसर हवेत बुरशी धरते आणि चांगले कॅसेट प्लेअर दुर्मीळ होत चालले आहेत. त्या आधी फ्लॅकमध्ये उतरवाव्यात, फाइलवर गाणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहावे. सर्व्हर त्यानंतर सवडीने निवडला तरी चालेल.