गाडी राहू दे, आधी घर बघा

जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ हे चित्र बहुतेकांच्या नजरेखालून कधी ना कधी गेलेलं असतं. ओढ्यातली घोडागाडी, काठावरचं घर, वर ढग. ‘किती शांत!’ म्हणून आपण पान उलटतो. एक विनंती आहे: या रविवारी त्याला पंधरा मिनिटं द्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघता येतं.

मधली गाडी हाताने झाका आणि डावीकडच्या घरापासून सुरुवात करा. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं हे फ्लॅटफर्ड. घर विली लॉट या शेतकऱ्याचं. त्याचा जवळजवळ सगळा जन्म याच छपराखाली गेला. धुराड्यातून धूर निघतोय, म्हणजे चूल पेटलेली आहे. पाण्याशी एक बाई वाकली आहे. आता उजवीकडे दूर कुरणात जा. ते बारके ठिपके म्हणजे गवत कापणारी माणसं. भर दुपारी सगळी कामाला जुंपलेली. रिकामा काय तो काठावरचा कुत्रा!

हात काढा आणि डोळे किलकिले करा. घोड्यांच्या साजावरचा लाल रंग उठून दिसेल. तो नसता तर एवढी हिरवाई मरगळलेली वाटली असती, असं मला तरी वाटतं.

हे सगळं रंगवलं मात्र लंडनमध्ये, जुन्या अभ्यासचित्रांवरून. गाडीचे बारकावे कॉन्स्टेबलने गावाकडून रेखाटून मागवले होते. एका साध्या शेतघरासाठी सहा फूट रुंदीचा कॅनव्हास! 1821 मध्ये रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात तो विकला गेला नाही. 1824 मध्ये पॅरिसला त्यालाच सुवर्णपदक मिळालं.

आणखी एक लक्षात असू द्या. 1822 मध्ये याच भागातले शेतमजूर पोटासाठी मळणीयंत्रं फोडत होते. त्याची झळ या चित्रात कुठेही नाही. म्हणून चित्र खोटं ठरत नाही, पण त्यालाच तिथलं सगळं खेडं समजू नका.

शेवटी, याच आकाराचा कच्चा आराखडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, तोही शेजारी उघडा. त्यात कुत्र्याजवळ एक घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात कॉन्स्टेबलने तो बुजवला, त्याच्या जागी पिंप काढलं, मग तेही बुजवलं. रंगाखालून पिंपाची पुसट खूण आता वर येऊ लागली आहे. सापडते का बघा.