कुड्याच्या सालीची खरी परीक्षा घ्या

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



नाशिकहून मुंबईकडे निघालं की कसारा घाट उतरताच आपण शहापूर तालुक्यात येता. इथल्या आणि शेजारच्या आमच्या मुरबाडच्या पानझडी जंगलात पांढरा कुडा पावलोपावली दिसतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतून त्याच्या फुलांची आणि शेंगांची भाजी होते. हगवण लागली, आव पडू लागली की त्याच्याच सालीचा काढा देतात. आयुर्वेदाचा कुटज तो हाच. या सालीसाठी आपल्याला हे पत्र लिहितो आहे.

सालीत कोनेसीन नावाचं अल्कलॉइड असतं. 2017 साली थायलंडमधल्या संशोधकांनी ते स्यूडोमोनासवर वापरून पाहिलं. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांत आणि अतिदक्षता विभागात हा जंतू फार छळतो, कारण आत शिरलेलं प्रतिजैविक तो, होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं, बाहेर फेकत राहतो. त्यासाठी त्याच्या आवरणात प्रथिनांचे पंपच बसवलेले असतात. कोनेसीनने या पंपांत अडथळा आणला आणि प्रयोगशाळेत तरी जुनी प्रतिजैविकं कितीतरी कमी मात्रेत काम करू लागली. असे दाखले आणखीही आहेत. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेने 2006 मध्ये मिरीतल्या पायपेरीनचा असाच परिणाम स्टॅफिलोकॉकसवर दाखवला. त्याआधी 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांना दारुहळदीच्या जातीच्या झुडपांत बर्बेरीनच्या सोबतीला एक दुसरं द्रव्य सापडलं होतं. ते जंतूचा पंप बंद पाडतं आणि मग बर्बेरीन आत टिकून राहतं.

आमच्याकडच्या वनस्पतींवर काम होत नाही असं नाही, पण ते बहुतेक एकाच ठिकाणी थांबतं. अर्क काढायचा, जंतू वाढवलेल्या बशीत त्याची चकती ठेवायची, भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजायचं आणि शोधनिबंध लिहायचा. वर्तुळ लहान आलं की वनस्पती बाद, मोठं आलं की ती गुणकारी ठरते. मला या पद्धतीची खंत वाटते. एकट्या अर्काने जंतू मारला नाही, तरी तो निकामी झालेल्या औषधाला पुन्हा धार आणू शकतो, आणि हे त्या वर्तुळात दिसतच नाही. शिवाय हे प्रयोग बरेचदा प्रयोगशाळेत जपलेल्या साध्या जंतूंवर होतात. रुग्णाच्या लघवीतून, जखमेतून आलेल्या हट्टी जंतूंवर ते व्हायला हवेत.

हट्टी जंतू शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2010 मध्येच नोंदवलं होतं की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये एनडीएम-1 हे ते औषध निकामी करणारं विकर सापडलं. कार्बापेनेम म्हणजे डॉक्टरांच्या हाती उरलेल्या शेवटच्या औषधांपैकी एक. 2019 या एका वर्षात जंतूंनी प्रतिजैविकांना केलेल्या प्रतिरोधामुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली असा अंदाज आहे. आणि आमच्या खेड्यात अजूनही ताप आला की दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या जातात, बरं वाटलं की उरलेल्या फळीवर पडून राहतात. महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी शेड्यूल एच-1 चा नियम 2014 पासून लागू आहे, तरी चिठ्ठीशिवाय पाकीट मिळतंच. प्राथमिक आरोग्य केंद्रात कल्चरची सोय नसते. नेमका कोणता जंतू, हे कळायच्या आत रुग्ण कळव्याला नाहीतर ठाण्याला पाठवावा लागतो.

हे सारं आपल्यालाच का सांगतो? 1998 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या छत्राखाली आयुर्वेद आणि ॲलोपॅथी, दोन्हींची महाविद्यालयं आहेत. द्रव्यगुण विभागाला कुड्याची ओळख आहे आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे रोज रुग्णांचे नमुने येतात. या दोघांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपला आहे. मुंबईत हे घडलेलं आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, काटेकोर नोंदी ठेवून 1949 मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी त्या मुळीची दखल घेतली.

काटेकोरपणाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. कोविडच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांनी गोळा केलेली गुळवेल मोठ्या कंपन्यांकडे गेली, हातांना काम मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं, आणि आयुष मंत्रालयाने दुसऱ्याच जातीची वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. असाच वाद कुटजाच्या बाबतीतही होऊ शकतो. बाजारात पांढऱ्या कुड्यात काळ्या कुड्याची साल मिसळते. काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात आणि पांढऱ्याच्या सुट्या, हे आमच्याकडचं पोर सांगेल. पण वाळलेल्या सालीवरून कोण ओळखणार? शिवाय पूर्वी आमांशावर शुद्ध कोनेसीन दिलं गेलं तेव्हा काहींची झोप उडाली, काहींना भ्रम झाला. म्हणून मात्रा आणि विषारीपणा आधी तपासा. तोवर न्यूमोनियाच्या किंवा रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णाला काढ्यावर ठेवू नये, त्याला दवाखान्यातच न्यावं.

आणि साल न्याल तेव्हा ग्रामसभेला विचारून न्या. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे. केरळच्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून 'जीवनी' हे औषध झालं, तेव्हा परवाना शुल्काचा आणि रॉयल्टीचा अर्धा वाटा त्यांना देण्याचं ठरलं होतं. आमच्या वैदूंशी आणि सुईणींशी असाच करार प्रयोगाला हात घालण्याआधी लेखी व्हावा, आणि निबंधावर त्यांच्या गावाचं नाव असावं. नुसती साल ओरबाडली तर झाड वाळतं. कोणत्या फांदीची, किती आणि कोणत्या महिन्यात काढायची, हे त्यांनाच विचारावं लागेल.

येत्या पावसाळ्याआधी आपल्या दोन विभागांचे प्राध्यापक डोळखांब किंवा टोकावडे या आमच्याकडच्या गावी एक दिवस येणार असतील, तर ग्रामसभा बोलावण्याचं काम आम्ही इथली माणसं करू. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
मुरबाड तालुक्यातील एक शिक्षक