थांबा मुलांचा, ट्रॉलीचा नव्हे



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, खत-पाणी याविषयी लिहितो. आज ऊस जरा बाजूला ठेवून फाट्यावर थांबणाऱ्या शाळेच्या बसविषयी लिहीत आहे. हा विषय शेतकी खात्याचा नव्हे असे कुणी म्हणेल, पण बसमधली पोरं आपलीच आहेत आणि फाट्यावरच्या ट्रॉल्याही आपल्याच.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरतात, त्याच सुमारास गळीत हंगाम जोर धरतो. आपला सोलापूर तर कारखान्यांचाच जिल्हा. मोहोळ, माढा, पंढरपूर, माळशिरस, कुठंही जा, उसाची वाहनं आणि दप्तरं घेतलेली मुलं एकाच रस्त्याला असतात.

गेल्या हंगामातली गोष्ट. काट्यावर गर्दी झाली, म्हणून दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर फाट्यावरच्या मोकळ्या जागेत लावायला मीच सांगितलं. संध्याकाळी शाळेची बस आली. साईडपट्टीवर घ्यायला जागा नाही, म्हणून ती भर डांबरीवर थांबली. उतरलेली एक लहान मुलगी बसच्या पुढून पलीकडच्या वस्तीकडे पळाली. मागून बसला बगल देऊन आलेल्या मोटारसायकलवाल्याला ती दिसलीच नाही. दप्तराला हिसका बसला, पोर वाचली. लोक त्या मोटारसायकलवाल्याला बोलले. मी गप्प उभा होतो. बसची जागा अडवणारा मीच होतो.

ताशी ५० कि.मी. वेगाचं वाहन एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जातं. पोर दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढं अंतर सरतं. भरलेल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तर त्याहून उशिरा थांबतो. बसच्या अगदी पुढ्यात असलेलं लहान मूल बसच्या ड्रायव्हरलाही दिसत नाही. अमेरिकेत शाळेची पिवळी बस थांबून लाल पाटी बाहेर आली, की इतर वाहनं थांबतात. आपल्याकडे ती सवय नाही. म्हणून मुलांना एकच शिकवा : बस पूर्ण निघून जाऊ द्या, दोन्हीकडे बघा, मगच रस्ता ओलांडा.

राज्य शासनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे शाळेच्या बसमध्ये मदतनीस लागतो, आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असते. थांबे ठरवणं हे त्या समितीचंच काम आहे. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबा असेल तर पालकांनी समितीकडे जाऊन तो बदलून घ्यावा. मदतनिसाने आधी खाली उतरून मुलांना उतरवावं. बस मागं घ्यायची असेल तेव्हा मुलं आत तरी असावीत, नाहीतर लांब तरी. शाळेपाशी बस आवारात लावावी, फाटकासमोर नव्हे.

हे झालं शाळेचं. आता आपलं. सभासद म्हणतील, "साहेब, नंबर जाईल, ऊस वाळेल." खरं आहे. तोडलेला ऊस लवकर गाळला जावा, असं आम्हीच तुम्हाला सांगतो. पण पन्नास पावलं पुढं उभं राहिल्याने उतारा कमी होत नाही. तेव्हा थांब्याच्या दोन्ही अंगांना पन्नास पावलं जागा मोकळी सोडा. ट्रॉली नादुरुस्त झाली तर मागं रिफ्लेक्टर दिसेल असं बघा, आणि चाकाला लावलेले दगड निघताना रस्त्यावर टाकून जाऊ नका. मुकादमांनी टोळीतल्या ड्रायव्हरांना हे बजावावं.

येत्या हंगामात प्रत्येक थांब्याजवळ फक्कीची रेघ मारावी, असा प्रस्ताव मी गट ऑफिसपुढं ठेवणार आहे. रेघ पुसली तर आम्ही परत मारू. ती पाळायची मात्र तुम्ही. उसाला दुसरा हंगाम मिळतो, पोराला मिळत नाही.

— ऊस विकास अधिकारी