तोडलेली फांदी दोन दिवस हिरवीच दिसते



आज पिकाबद्दल नव्हे, माणसाच्या तोंडाबद्दल चार शब्द लिहितो. कारण हा प्रसंग माझ्यावरच ओढवला.

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळू लागले. आरशात पाहिले तर तोंड डावीकडे ओढलेले, उजवा डोळा मिटेना. घरात रडारड झाली. कोणी म्हणाले वारं लागलं, कोणी म्हणाले लकवा. शेजारच्या आबांनी मंतरलेला दोरा आणून दिला. तो खिशात घातला आणि पहिल्या एस.टी.ने जिल्ह्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी हातापायांतली ताकद पाहिली, बोलते केले आणि कपाळाला आठ्या घालायला लावल्या. उजवीकडे आठी पडेना. ते म्हणाले, "मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ हलते. तुमचे हलत नाही, हातपायही धड आहेत. दोष चेहऱ्याच्या नसेत आहे." ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. ती सुजली की तिथेच चेपते. स्टेरॉइडच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पहिल्या ७२ तासांत त्या सुरू झाल्या तर गुण येण्याची आशा वाढते.

मी म्हटले, "साहेब, नसेची विजेची तपासणी आजच करा." ते हसले. "तुम्ही शेतीखात्यातले ना? फांदी तोडली तरी दोन दिवस हिरवीच दिसते. आज तपासली तर तुटलेली नसही जिवंत वाटेल. दहाव्या दिवशी या."

दहाव्या दिवशी कानाजवळ विजेचा हलका झटका देऊन दोन्ही गालांचे उत्तर यंत्रावर मोजले. उजवीकडचे डावीच्या ४० टक्के भरले. ते दहा टक्क्यांखाली गेले तर नस भरून यायला फार वेळ लागतो, कधी व्यंगही राहते.

मग पापणीची तपासणी. भुवईवर झटका दिला की खबर एका नसेने मेंदूच्या बुडाशी जाते आणि डोळा मिटण्याचा हुकूम चेहऱ्याच्या नसेने परत येतो. धडधाकट माणसाचे दोन्ही डोळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिटतात. माझ्या उजव्या भुवईवर झटका दिला, तेव्हा डावा डोळा वेळेवर मिटला; उजवा मात्र उशिरा आणि अर्धवट. म्हणजे जाणारी वाट शाबूत, परतीची तुंबलेली.

ही तपासणी म्हणजे औषध नव्हे, आणि ती सर्वांना लागतही नाही. तोंडाची एक बाजू अजिबात हलत नसेल तर पुढचा अंदाज बांधायला तिचा उपयोग होतो.

लक्षात ठेवा : तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत हातपाय लुळे पडले किंवा बोबडी वळली तर १०८ ला फोन करा. मधुमेह असेल तर गोळ्या घेण्यापूर्वी सांगा. न मिटणारा डोळा धुळीपासून जपा; दिवसा थेंब घाला, रात्री डॉक्टर दाखवतील तशी पट्टी लावा.

अडीच महिन्यांत माझे तोंड सरळ झाले. आबांचा दोरा परत केला. ते म्हणाले, "आला ना गुण?" मी म्हटले, "आला आबा. पण पहिली एस.टी. धरली म्हणून."