मधल्या संगीताचे धनी कोण?

गाणे म्हणजे चाल आणि शब्द, असे आपण धरून चालतो. ध्रुवपद संपते, कडवे सुरू व्हायचे असते. तेवढ्यात आपण खाकरून घेतो. माझे म्हणणे असे की, गाण्याची खरी परीक्षा त्या मधल्या जागेतच असते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण ही गोष्ट कळायला कॉलेज लागले नाही. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. अभंगाचे कडवे पुष्कळदा वरच्या षड्जाकडे चढते. तिथून ध्रुवपदावर परतायचे, तर बुवा शेवटचा चरण हळूहळू खाली उतरवीत आणतात. वडील तिहाई घेतात. एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर! टाळकऱ्यांना कुणी खूण करीत नाही, तरी सगळे एकदम उचलतात. ऐकणाऱ्याला मध्ये काही घडले असे वाटतही नाही.

हिंदी चित्रपटांत हे काम अरेंजर करीत. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा यांनी बांधला. व्हायोलिनचा ताफा फिरवून आणायचा आणि गायकाच्या पहिल्या सुरापाशी अलगद सोडायचा; तेही तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत! तबकडीवर मात्र त्यांचे नाव सहसा नसे. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर विलक्षणच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. लोक हसले आणि विसरले. या नावाचा माणूस खरोखर आहे, हे किती जणांना माहीत होते?

आज संगणकावर ठेक्याचा तुकडा हवा तितक्या वेळा चिकटवता येतो. सांध्यावर झांजेचा उलटा आवाज ठेवला की झाले. यंत्राला मी नावे ठेवीत नाही. पण तीच झांज दहा गाण्यांत ऐकू आली, तर तो सांधा कसला? ते ठिगळ.

आपल्या गॅदरिंगमध्येही आता गाणी ट्रॅकवर होतात. मधले संगीत वाजते, गाणारा माईक धरून उभा. परीक्षक सुराला, तालाला, शब्दोच्चारांना गुण देतात. सांध्याला कोण देणार? पुढच्या वर्षी एक तरी फेरी पेटी-तबल्यावर व्हावी, आणि निवेदकांनी साथीदारांची नावे गायकाच्या आधी घ्यावीत. आमच्याच वर्गात ढोलकी वाजवणारे दोघे आहेत. त्यांना अजून कुणी विचारलेले नाही.