तव्यावरची शेवटची भाकरी



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरातला सोऱ्या धुऊन जागेवर गेला असेल आणि चिवड्याच्या डब्याभोवती मुलं घुटमळत असतील. याच दिवसांत बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्चून झालेली असते. ट्रॉलीत बांबू, पिठाची पोती, कोंबड्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर गोधडी पांघरून बसलेली मुलं. कुणाची दिवाळी घरी होते, कुणाची वाटेवर.

गेल्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याजवळ अशाच टोळीच्या झोपड्यांवर, म्हणजे कोप्यांवर, मी पहाटे गेलो होतो. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आईवडिलांना अंधारातच फडावर जायचं होतं. त्यांच्या भाकऱ्या तिने फडक्यात बांधून दिल्या, धाकट्या दोन भावंडांच्या टोपल्यात झाकून ठेवल्या. परातीतलं पीठ संपत आलं तेव्हा खरवडून एक लहानशी, कडेने चिरलेली भाकरी झाली. ती तिची. सोबत ठेचा आणि कोरा चहा. भाजीचं विचारलं तर म्हणाली, "ती संध्याकाळी." मग धाकट्याला कडेवर घेऊन ती पाण्याला गेली. कोप्यांच्या तोंडाशी एक टपरी होती, तिच्यावर पाच-पाच रुपयांच्या चकचकीत पुड्यांच्या माळा टांगलेल्या. दुपारी भावंडं रडायला लागली की त्यातलीच एक पुडी फोडून द्यायची, हेही तिनेच सांगितलं.

यंदाचा अंक मुलांच्या आहाराला वाहायचा हे त्या चुलीपुढेच ठरलं.

त्या मुलीच्या भाकरीत लोह होतं. पण जेवणाबरोबर चहा घेतला की ते फारसं अंगी लागत नाही. लिंबू पिळलेली पालेभाजी असती, नुसता आवळा असता, तरी बरंच लागलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५७ मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याआधीच्या फेरीत त्या ५० होत्या. त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. हे दोन आकडे आपण वेगवेगळ्या रकान्यांत वाचतो. खरं तर पहिल्या रकान्यातल्या मुलीच चार-सहा वर्षांनी दुसऱ्या रकान्यातल्या मुलांच्या आया होतात.

हे नातं पुण्याजवळच्या सहा गावांत फार बारकाईने तपासलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून तिथल्या आया आणि मुलांच्या मागे राहिले. जन्मतः बाळांचं वजन सरासरी पावणेतीन किलोच्या आतच होतं. हातपाय बारीक, पण अंगात चरबी मात्र टिकलेली. हीच ठेवण पुढे मधुमेहाचा धोका वाढवते. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी जन्मली. पुढे तीच मुलं किशोरवयात आल्यावर त्यांना बी-१२ जीवनसत्त्व देऊन त्यांच्या बाळांवर काय परिणाम होतो, हेही या मंडळींनी पाहिलं. आई होण्याच्या आधीची वर्षं महत्त्वाची, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपल्या योजनांनी ते अजून ओळखलेलं नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला गोरगरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या आणि अंगणात भरणारी वाडी देशाला मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना चालू आहे. सहा वर्षांपर्यंतचं मूल अंगणवाडीताईंच्या वहीत असतं, गरोदर आणि स्तनदा माता असतात. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत मिळते. नववीत गेलं की ताट बंद. ज्या वयात शरीर झपाट्याने वाढतं आणि मुलीची पाळी सुरू होऊन दर महिन्याला रक्त जायला लागतं, नेमक्या त्या वयात. उरते आठवड्याची लोहाची निळी गोळी, तीही शाळेत किंवा अंगणवाडीत पोहोचणाऱ्या मुलीपर्यंतच. केंद्राची किशोरी योजना १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी आहे, पण महाराष्ट्रात ती फक्त आकांक्षित जिल्ह्यांत. असे जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. कोयता घेऊन सर्वांत जास्त माणसं ज्या बीडमधून बाहेर पडतात, तो त्यात नाही.

आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीला उचल मिळते, एकट्याला सहसा नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकली जातात. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळपास २२ मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. स्वतःची हाडं अजून वाढत असताना पोटात दुसरा जीव वाढवायचा. दोघांपैकी एकाला कमी पडणारच.

शाळेच्या आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं आलं. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा खास निधी काढून घेतला. आम्हाला हा निर्णय चुकीचा वाटतो. अंडं परत आलं पाहिजे, खिचडी दहावीपर्यंत गेली पाहिजे आणि किशोरी योजना ऊसतोडीच्या प्रत्येक तालुक्यात लागू झाली पाहिजे.

या अंकात डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, एका अंगणवाडीताईंची दैनंदिनी आहे. शहरातल्या मुलांच्या वाढत्या वजनावरही लेख आहे, कारण पाच रुपयांची ती पुडी त्यांच्याही दप्तरात आहे. 

साखरपट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या शिवारात कोप्या पडल्या की गावच्या अंगणवाडीताईंना सोबत घेऊन एक फेरी मारा. सहा वर्षांखालची मुलं किती, गरोदर बायका किती, चुलीपुढे बसलेल्या शाळेच्या वयाच्या मुली किती, हे वहीत लिहा. लहानग्यांची आणि गरोदर बायकांची नावं तुमच्याच अंगणवाडीत घालून घ्या, मुलींची तुमच्याच शाळेत. परगावचे म्हणून कुणी टाळलं, तर तिथून हलू नका.

कोप्या याच महिन्यात पडतील.

– संपादक